प्रेस शॉपमध्ये बोटं शाबूत ठेवायची तर: लहान कारखान्यासाठी पायरीवार मार्गदर्शक

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर. वाहनांचे सुटे भाग जिथे बनतात तिथे पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे छोटे कारखाने गल्लोगल्ली दिसतात. वीस-पंचवीस माणसं, दहा-बारा प्रेस, दोन शिफ्ट. सेफ्टी ऑफिसर नेमायची कायद्याची सक्ती मोठ्या कारखान्यांना असते, त्यामुळे इथे ते काम कुणाच्या तरी अंगावर येऊन पडतं: शिफ्ट सुपरवायझर, क्वालिटीचा नवा इंजिनियर, नाहीतर मालकाच्या घरातलं कुणी. "आजपासून सेफ्टी तू बघ" एवढंच सांगितलं जातं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

सुरुवातीलाच क्रम पक्का करा: आधी मशीन, मग थांबवण्याची मुभा, आणि सगळ्यात शेवटी भाषण आणि पोस्टर. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, बॅज लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच कामगार उघड्या डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) हात घालून पीस काढत असतो. मालकाला नक्की काय महत्त्वाचं वाटतं, हे कामगार मशीनकडे बघून ठरवतो. गार्ड (हात आत जाऊ न देणारी जाळी किंवा आडोसा) बसला नसेल तर तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

हाताशी काय लागेल

- प्रत्येक प्रेससाठी एक वही किंवा तक्ता
- मोबाईलचा कॅमेरा, स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि फट तपासायला 6 मिमी जाडीची पट्टी
- डाय सेटर (प्रेसवर डाय चढवणारा) आणि मेंटेनन्सच्या प्रत्येक माणसाला स्वतःचं कुलूप, एकच चावी, आणि नाव-फोटोचा टॅग
- प्रत्येक प्रेसला सेफ्टी ब्लॉक (डाय बदलताना प्रेसचा वरचा भाग खाली येऊ नये म्हणून लावायचा आधार)
- चिमटे, चुंबकाच्या काठ्या, सक्शन कप
- प्रथमोपचार पेटी, निर्जंतुक गॉज, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बर्फ कुठून मिळेल याची आधीच केलेली सोय

1. प्रेसची यादी करा, तीही दोन्ही शिफ्टमध्ये

प्रत्येक प्रेससमोर उभं राहून लिहा: नंबर, टन (प्रेसची दाबायची ताकद), मिनिटाला किती स्ट्रोक (रॅमची, म्हणजे वर-खाली होणाऱ्या भागाची, एक पूर्ण फेरी), क्लच (मोटरचा जोर रॅमला जोडणारा-तोडणारा भाग) कुठला, स्ट्रोक पायडलनं घेतात की दोन हातांच्या बटणांनी, गार्ड आहे का, कुठकुठल्या डाय त्यावर चढतात. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: या डायवर काम करताना हात पंच (डायमध्ये उतरणारा वरचा भाग) आणि डायच्या मध्ये जातो का? हो किंवा नाही. "कधीकधी" म्हणजे हो.

हे उत्तर केबिनमध्ये बसून भरू नका. रात्रपाळीत दोन तास उभं राहा. दिवसा चिमट्यानं काढले जाणारे पीस रात्री हातानं काढले जातात, कारण चिमट्यानं काढताना ताशी नग कमी पडतात आणि रात्री बघायला कुणी नसतं. चिकटलेला पीस, अडकलेलं स्क्रॅप, डायवर तेल लावणं, या तीन क्षणी हात आत जातो. तेच क्षण टिपा.

यादी झाली की "हो" असलेल्या डाय लाल रंगानं खुणावा. पुढच्या सहा महिन्यांचं काम म्हणजे ही लाल यादी कमी करत नेणं.

2. क्लच ओळखा, इथे चुकलात तर पैसे जातात आणि बोटंही

या पायरीवर सावकाश जा. नवी माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

लहान कारखान्यांतल्या जुन्या सी-फ्रेम प्रेसमध्ये बहुतेक वेळा चावीचा किंवा पिनचा क्लच असतो. पायडल दाबलं की चावी (क्लचमधली लोखंडी खिट्टी) फ्लायव्हीलला, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या जड चाकाला, धरते आणि क्रँक, म्हणजे रॅमला वर-खाली नेणारा दांडा, पूर्ण एक फेरा मारूनच सुटतो. एकदा धरलं की रॅम मध्येच थांबवता येत नाही. लाल इमर्जन्सी बटण दाबलं तर मोटर बंद होते, पण फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर स्ट्रोक पुरा करतोच.

म्हणून पहिली गोष्ट: चावीच्या क्लचवर लाइट कर्टन (हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून काहीही उपयोग नाही. हात आत गेल्याचं कर्टनला कळेल, पण प्रेसला थांबताच येत नाही. तरीही असे कर्टन विकले जातात आणि ऑडिटला दाखवायला बसवले जातात. त्यातून धोका उलट वाढतो, कारण नवा माणूस त्या दिव्यावर भरवसा ठेवतो. कर्टन चालतो तो हवेवरच्या फ्रिक्शन क्लच-ब्रेकच्या प्रेसवर, जिथे रॅम वाटेत कुठेही थांबू शकतो.

तिथेही तो किती लांब बसवायचा याचा हिशेब आहे. कर्टनला हात कळल्यापासून रॅम खरंच थांबेपर्यंतचा वेळ मोजून घ्या. हात सेकंदाला 2000 मिमी वेगानं येतो असं धरतात. थांबायला 0.2 सेकंद लागत असतील आणि कर्टन 14 मिमी इतकी बारीक वस्तूही ओळखणारा असेल, तर तो डायपासून किमान 400 मिमी लांब हवा. जाड वस्तूच ओळखणारा कर्टन असेल तर अंतर आणखी वाढतं. कर्टनच्या बाजूनं किंवा वरून हात जात असेल, तर त्या बाजू जाळीनं बंद करा. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि काल बरोबर असलेलं अंतर आज अपुरं पडतं, म्हणून हा वेळ ठरावीक काळानं पुन्हा मोजावा लागतो.

दुसरी फसगत दोन हातांच्या बटणांची. दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायमध्ये कसे जातील, असं वाटतं. चावीच्या क्लचवर ते जातात. बटण सोडल्यावर चावी धरायला वेळ लागतो, आणि त्या वेळात हात डायपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या प्रेसच्या नियमांत यासाठी सूत्र आहे: एका फेऱ्याला लागणारा वेळ गुणिले (अर्धा अधिक 1 भागिले चावी धरण्याच्या जागांची संख्या). मिनिटाला 60 स्ट्रोकच्या प्रेसला एका फेऱ्यासाठी 1 सेकंद लागतो. चावी धरायची जागा एकच असेल तर 1.5 सेकंद होतात. हाताचा वेग इथे सेकंदाला 1.6 मीटर धरतात, म्हणजे बटणं डायपासून 2.4 मीटर लांब हवीत! इतक्या लांबून काम होत नाही. म्हणजे अशा मंद प्रेसवर दोन हातांची बटणं हा पुरेसा उपाय नाहीच.

चावीच्या प्रेसला मग उरतात दोन खरे मार्ग. एक, पक्का गार्ड, ज्यातून बोट आत जाणारच नाही. दुसरा, इंटरलॉकचं फाटक: ते बंद झाल्याशिवाय स्ट्रोक होत नाही, आणि रॅम वर येऊन थांबेपर्यंत उघडत नाही. मनगटाला बांधून हात मागे ओढणारे पट्टेही वापरतात, पण ते प्रत्येक माणसाच्या हाताच्या लांबीनुसार, प्रत्येक डायला, प्रत्येक शिफ्टला नव्यानं जुळवावे लागतात. जिथे एवढी शिस्त नाही तिथे त्यांच्या भरवशावर राहू नका.

3. डबल स्ट्रोकचा बंदोबस्त

पायडल एकदा दाबलं आणि रॅम दोनदा खाली आला, हा या प्रेसचा सगळ्यात घातक दोष. पहिला स्ट्रोक झाला म्हणून कामगार हात घालतो आणि दुसरा त्याच्यावर येतो. कारणं ठरलेली आहेत: झिजलेली चावी, लॅचची (चावीला अडवून धरणाऱ्या खटक्याची) तुटलेली किंवा ढिली स्प्रिंग, सैल ब्रेक, ब्रेकच्या लायनिंगवर उतरलेलं तेल.

क्रँकच्या टोकावर आणि बॉडीवर रंगानं एकेक खूण करा, रॅम सगळ्यात वर असताना दोन्ही खुणा जुळतील अशी. शिफ्टच्या सुरुवातीला डाय रिकामी ठेवून दहा स्ट्रोक मारा. प्रत्येक वेळी खुणा जुळायला हव्यात. क्रँक खुणेच्या पुढे सरकत असेल तर ब्रेक सैल आहे. एकदा जरी रॅम आपोआप पुन्हा खाली आला तरी प्रेस बंद, कुलूप, टॅग, आणि मेंटेनन्स. "आजचं डिस्पॅच होऊ दे, उद्या बघू" याला इथे जागा नाही.

लॅचला ताणाची स्प्रिंग असेल तर दांड्यावर बसणारी दाबाची स्प्रिंग लावून घ्या. ताणाची तुटली की तिचं काम संपतं. दाबाची तुटली तरी दांड्यावरच राहते आणि बराचसा जोर टिकतो. खर्च फार नाही.

4. हात आत घालायची गरजच संपवा

गार्ड अडचणीचा वाटतो म्हणून काढला जातो, आणि अडचणीचा वाटतो कारण पीस टाकायची-काढायची सोय त्याच्यासोबत केलेली नसते. म्हणून गार्ड आणि फीडिंगचा विचार एकत्रच करा.

- कॉइल किंवा लांब पट्टीवरचं काम असेल तर गार्डला फक्त पत्रा सरकेल एवढी फट ठेवा. 6 मिमीपर्यंतची फट डायच्या जवळ चालते. फट 8 ते 10 मिमी झाली तर धोक्याची जागा 80 मिमी मागे हवी. 12 ते 20 मिमीच्या फटीला ती 120 मिमी लागते, आणि त्याहून मोठ्या फटीला बरीच जास्त.
- सुटे ब्लँक (आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे) असतील तर उतरती स्लाइड किंवा ढकलायचा ट्रे. ब्लँक बाहेर ठेवायचा आणि दांड्यानं आत सरकवायचा.
- तयार पीस हवेच्या फुंकेनं, स्प्रिंगनं किंवा डायमधल्या नॉकआउटनं (पीस ढकलून काढणाऱ्या पिननं) बाहेर पडायला हवा. हे टूल रूमचं काम आहे. कामगारावर सोडू नका.
- यातलं काहीच जमत नाही तिथे चिमटे आणि चुंबक. ते मऊ धातूचे घ्या, म्हणजे चुकून दाबले गेले तर डाय फुटत नाही. पण लक्षात ठेवा, चिमटा गार्डसोबत वापरायचा असतो. त्याच्या जोरावर गार्ड काढता येत नाही.

डाय ग्राहकाची असते, तिला हात कसा लावणार, असं मालक म्हणेल. नव्या पार्टचं कोटेशन देतानाच गार्ड, स्लाइड आणि नॉकआउटचा खर्च टूलिंगच्या किमतीत धरा. मोठ्या गाडी कंपन्या पुरवठादारांचं सेफ्टी ऑडिट करतात, त्यामुळे ही मागणी त्यांच्याच भाषेत मांडता येते. एकदा पार्टचा भाव ठरला की मग कुणी पैसे देत नाही.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. पत्र्याच्या धारेपासून ते वाचवतात, म्हणून हवेतच. पण 50 टनांखाली सापडलेल्या बोटाला मोजा काही करत नाही. आणि ड्रिलिंग मशीनवर किंवा लेथवर मोजे अजिबात नको. फिरता भाग मोजा पकडतो आणि हात ओढून नेतो.

5. पायडल आणि बटणं रोज तपासा

पायडलवर वरून आणि बाजूंनी झाकण हवं. पडलेला पीस, घसरलेला पाय, मागून गेलेली ट्रॉली, यांतल्या कशानंही स्ट्रोक होता कामा नये. पाय सतत पायडलवर ठेवून काम करायची सवय दिसली तर बसायची उंची तपासा. उंची चुकली की पाय उचलून ठेवणं दुखतं, मग तो तिथेच राहतो.

दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीनं किंवा काडी घालून दाबून ठेवलेलं अनेकदा आढळतं. कंट्रोल असा हवा की दोन्ही बटणं जवळपास एकाच वेळी दाबावी लागतील आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतील. आधी हे करून घ्या, मग चिकटपट्टी लावणाऱ्याला जाब विचारा. आणि विचारताना तीन गोष्टी विचारा: टार्गेट किती होतं, बटण कुठे बसवलंय, खांदा दुखतो का?

6. डाय बदलताना

मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. या वेळात पायडलला धक्का लागला की स्ट्रोक होतो. म्हणून क्रम असा:

आजूबाजूच्यांना सांगा. मोटर बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. मेन स्विच खाली करून स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात. हवेची लाइन असेल तर बंद करून आतला दाब सोडा. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. मग स्टार्टचं बटण दाबून बघा, मशीन सुरू होत नाही ना. यानंतरच हात आत.

सेफ्टी ब्लॉक रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलण्यासाठी असतो, चालू प्रेसचा जोर पेलण्यासाठी नाही. म्हणून त्याला साखळीनं प्लग जोडा: ब्लॉक जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि मोटरची वीज तुटते. लाकडाचा ओंडका किंवा सापडेल तो रॉड हा सेफ्टी ब्लॉक नव्हे.

दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं. एकाच्या कुलपावर दुसऱ्यानं काम करायचं नाही, मग तो कितीही जुना असो.

7. थांबवणाऱ्याचं नुकसान होऊ देऊ नका

मशीन ताळ्यावर आल्यावरच या पायरीला अर्थ येतो. "काही वावगं दिसलं तर प्रेस थांबवा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण थांबवल्यावर ताशी नगाचा आकडा कुणाच्या नावावर कमी पडतो? कामगाराच्या पडत असेल तर तो थांबवणार नाही. त्याला घरी पैसे पाठवायचे असतात.

म्हणून उत्पादनाच्या तक्त्यातच एक रकाना वाढवा: "सुरक्षेसाठी थांबा, मिनिटं". ती मिनिटं टार्गेटमधून वजा होतात, हे मालकाच्या सहीनं लावा. पीस-रेटवर काम असेल तर त्या वेळेचे पैसे सरासरी दरानं द्या. सुपरवायझरच्या बोनसमध्ये फक्त नग मोजले जात असतील तर तोच पहिला गार्ड काढायला सांगेल. त्याचा हिशेबही बदला.

थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंद सोपी ठेवा. चिठ्ठीवर तीनच प्रश्न: कुठली प्रेस, काय झालं, काय करायला हवं. नाव लिहिणं ऐच्छिक. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. चोवीस तासांत त्याच प्रेसजवळ जाऊन उत्तर द्या, अगदी "पार्ट मागवलाय, गुरुवारी येईल" एवढं असलं तरी. दोनदा उत्तर मिळालं नाही की चिठ्ठ्या बंद होतात, आणि मग त्या पुन्हा सुरू करायला महिने लागतात.

"इतके दिवस शून्य अपघात" म्हणून बक्षीस देऊ नका. त्यानं अपघात कमी होत नाहीत, लपवले जातात. कापलेलं बोट रुमालात गुंडाळून माणूस खाजगी दवाखान्यात जातो, कारण त्याच्यामुळे सगळ्यांचं बक्षीस जाणार असतं. बक्षीस द्यायचंच असेल तर सांगितलेल्या आणि दुरुस्त झालेल्या दोषांना द्या.

8. नवा माणूस, कंत्राटी माणूस

ऑपरेटर आला नाही म्हणून हेल्परला प्रेसवर बसवणं, इथून कितीतरी अपघात सुरू होतात. प्रत्येक प्रेसवर फोटोसह यादी लावा: ही प्रेस फक्त हेच चालवतील. यादीत यायला माणसानं गार्ड जागेवर आहे का हे ओळखणं, दहा स्ट्रोकची तपासणी आणि अडकलेला पीस काढण्याची पद्धत स्वतः करून दाखवायची. नुसती प्रशिक्षणाच्या कागदावर सही पुरत नाही.

कामगार लातूर-नांदेडकडचे असतील तसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचेही असतात. शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटांची चर्चा मराठीसोबत हिंदीतही करा, आणि एका दिवशी एकच विषय घ्या. माणूस ठेकेदाराचा असला तरी प्रेस तुमची आहे. जबाबदारी झटकता येत नाही.

9. आवाज आणि बाकीचं

प्रेस शॉपमध्ये ऐकू येणं हळूहळू कमी होतं, म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा आहे. 100 डेसिबलला ती दोन तासांवर येते. आवाज मोजून घ्या, इयरप्लग द्या, आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करा. सांडलेलं तेल आणि वाटेतलं स्क्रॅप शिफ्टमध्ये किमान दोनदा उचला. घसरणारा माणूस आधार घ्यायला जवळच्या प्रेसवरच हात टेकतो.

10. अपघात झालाच तर

चावीच्या क्लचच्या प्रेसमध्ये हात अडकला असेल तर घाईनं मोटर उलटी-सुलटी चालवू नका. वीज बंद करा, फ्लायव्हील थांबवा, मग बारनं क्रँक फिरवून रॅम वर घ्या. हे कसं करायचं ते प्रत्येक शिफ्टमध्ये दोघांना तरी आधी शिकवलेलं असावं.

जखमेवर स्वच्छ गॉज दाबून हात उंच धरा. तुटलेलं बोट शोधा. ते ओलसर निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून कोरड्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया होणारं जवळचं रुग्णालय कुठलं, याची चौकशी आजच करून फोन नंबर भिंतीवर लावा.

कागद असे तयार ठेवा:

- सगळ्या कामगारांचे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नंबर. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते. नोंदणी रुजू होण्याच्या दिवशीच करा. अपघातानंतर केलेली नोंदणी संशयात सापडते आणि त्याचा भुर्दंड कामगाराला पडतो.
- ईएसआयचा अपघात अहवाल, 24 तासांच्या आत.
- औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना. माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल तर ती द्यावीच लागते.
- त्या प्रेसचा तपासणी तक्ता, डायचा फोटो, हजेरी.

फॅक्टरी अॅक्ट 1948 ची जागा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुन्या फायलींतले कलमांचे नंबर आणि नमुने तसेच उतरवू नका, संचालनालयाकडून चालू नमुना घ्या.

चौकशीत "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहून फाइल बंद करायची नाही. हात आत का गेला, गार्ड का नव्हता, तो कुणी आणि कुठल्या दिवशी काढला, त्या तासाचं टार्गेट काय होतं, एवढं लिहा. त्याच प्रकारची डाय आणखी कुठल्या प्रेसवर चढते ते पहिल्या यादीत बघा आणि त्या सगळ्या प्रेस गार्ड बसेपर्यंत बंद ठेवा.